कप्तानाच्या खोलीतला उतार

थर्झाबाईंच्या ॲप्रनच्या डाव्या खिशात कायम अकरा पाचरी असत. सफरचंदाच्या लाकडाच्या, नवऱ्याने, म्हणजे पर्सीने, थंडीच्या दिवसांत बसून तासून दिलेल्या. प्रत्येक पाचरीवर, ती ज्याच्या पायाखाली सारायची त्या टेबलाचा आकडा. हायर कूम हॉटेलच्या जेवणघराची जमीन एका अंगाला इतकी कललेली होती, की ताटातून सुटलेला वाटाणा थेट खालच्या खिडकीपाशी जाऊन थांबे आणि तिथे त्याला आदल्या आठवड्यात पोचलेले त्याचे नातेवाईक भेटत.

तेवीस वर्षं थर्झाबाई त्या उतारावर नाश्ता आणि जेवण वाढत होत्या. सूप कुणाला काठोकाठ वाढायचं आणि कुणाला दोन बोटं कमी, चहा ओतताना कुठल्या अंगाला उभं राहायचं, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. नवी वाढपीण आली की पहिला आठवडा तिथे लंगडत चाले, आणि एकदा सवय झाली की घरी जाऊन सपाट जमिनीवर लंगडे.

हॉटेलचे मालक मिस्टर क्विल्टर मूळचे लंडनचे दातांचे डॉक्टर. अकरा वर्षांपूर्वी दाढा सोडून ते डेव्हनच्या या माळावर आले. माणूस सज्जन. उत्साह मात्र असा, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना अर्थ कळलेला असे. पहिल्याच सकाळी थर्झाबाईंनी त्यांना विचारलं,

"साहेब, टेबलं शिपनमध्येच लावायची ना?"

"कशात?"

"शिपनमध्ये. इथं, या खोलीत."

क्विल्टरसाहेबांचे डोळे लकाकले. शिपन! त्यातलं शिप त्यांना तेवढं नीट ऐकू आलं. त्यांनी वर पाहिलं, तर छताला कमानीसारखी वाकलेली जाडजूड तुळवटं, जणू जहाज उलटं करून ठेवलंय. खाली पाहिलं, तर जमीन वादळातल्या डेकसारखी तिरकी. दारावरच्या दगडात साल कोरलेलं, १६५७. समुद्र तिथून वीस मैल, आणि मधे नुसता डोंगर, पण एवढ्या तेवढ्याने साहेब अडणारे नव्हते. महिन्याभरात खोलीत दोरखंड आले, सुकाणूचं चाक आलं, लिलावातून एका रागीट म्हाताऱ्याची तसबीर आली. बाहेर भिंतीला टेकून भलाथोरला नांगर आला. शेतकऱ्याच्या दारी नांगर असावा हे खरं, पण हा जहाजाचा होता. आणि प्रत्येक टेबलावर एक छापील कार्ड आलं: "सन १६५७ मध्ये निवृत्त झालेल्या एका कप्तानाने जुन्या जहाजाच्या लाकडांतून हे घर बांधले. डेकची सवय सुटेना, म्हणून जेवणघराची जमीन त्याने मुद्दाम तिरपी ठेवली."

आता शिपन म्हणजे गोठा. त्या मुलुखात दात न आलेल्या पोरालाही हे ठाऊक. गावातल्या पबमध्ये 'कप्तान' हा शब्द उच्चारला की ग्लास खाली ठेवून हसावं लागे. पण साहेबांना कुणी सांगितलं नाही. सांगून अकरा वर्षांची फुकटची करमणूक घालवायची कुणी?

थर्झाबाईंचं गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं. त्या त्याच घरात जन्मल्या होत्या.

त्यांचे वडील नेड लस्कम हायर कूमचे शेवटचे कूळ. आसपासच्या शेतकऱ्यांनी गुरांसाठी कधीच वेगळे गोठे बांधले होते. लस्कमांच्या घरी मात्र जुनीच रीत होती. डोंगराच्या उतारावर आडवं लांबलचक एक घर, एक छप्पर, आणि मधोमध एकच दार. त्या दारातून आई, बाप, थर्झा आणि आठ गाई आत येत. माणसांनी डावीकडे वर वळायचं, गाईंनी उजवीकडे खाली. गाई कधी चुकल्या नाहीत. नवे पाद्रीबुवा एकदा चुकले आणि गुडघाभर ज्ञान घेऊन परतले. मधे नुसती फळ्यांची भिंत होती. थंडीत गाईंची ऊब फळ्यांतून झिरपत वरपर्यंत येई, आणि बिछान्यात पडल्या पडल्या थर्झाला रवंथ ऐकू येई.

घरात हे सगळं ठीक होतं. शाळेत मागच्या बाकावर डेन्झिल कोब्ली बसायचा. थर्झा वर्गात आली की तो नाक दाबून ओरडायचा, "खिडक्या उघडा रे, शिपन आली!"

सहा वर्षं त्या वर्गात तिला दुसरं नाव नव्हतं.

थर्झाच्या एकोणिसाव्या वर्षी जमीनदाराने शेत विकलं, गाई बाजारात गेल्या, थर्झा गावात राहायला आली आणि पहिले चार महिने लव्हेंडरच्या साबणाने केस धूत राहिली. पुढे घराचं हॉटेल झालं. पहिल्या मालकाने गोठ्यात उतारावरच पट्ट्या टाकल्या, त्यावर फळ्या ठोकल्या आणि त्यावर लाल गालिचा अंथरला. कामाला म्हणून परत पाऊल टाकलं तेव्हा त्या गालिच्याकडे पाहून थर्झाबाईंना हायसं वाटलं होतं. आणि पुढे कप्तान आला तेव्हा तर सुटल्यासारखंच. गोठेवालीपेक्षा कप्तानाच्या घरातली म्हटलेलं बरं.

तरी पाहुणे यायच्या आधी, पहाटे एकट्याच असताना, त्या कधी कधी माळ्यावर जात. तिथली तुळवटं कोळशासारखी काळी होती. लहानपणी वडिलांनी खांद्यावर बसवून त्यांना तो काळा रंग बोटाने पुसायला लावला होता.

"डांबर नव्हे गं हे, थर्झे. धूर आहे. या घराला आधी धुरांडंच नव्हतं. खाली जमिनीच्या मधोमध चूल पेटायची, आणि धूर छपराच्या गवतातून वाट काढत जायचा."

"मग हे १६५७?"

"त्या साली कुणीतरी दार बदललं. दार बदललं आणि वर साल असं कोरलं, जसं सगळं घर त्यानंच बांधलं! घर त्याच्याआधी अडीचशे वर्षं उभं होतं, पोरी. ते बांधणाऱ्याला लिहिता येत नव्हतं, एवढंच."

बोटाला लागलेली ती काजळी. कुणाच्या तरी पेजेची, कुणाच्या तरी ओल्या मोज्यांची, नाव नसलेल्या कितीतरी संध्याकाळींची. थर्झाबाई आजही ते बोट लगेच धुवत नसत.

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीत एक लग्न झालं. चार मजली केक चाकांच्या गाड्यावर ठेवून वरच्या अंगाला उभा केला होता. नवरीचे वडील भाषणाला उठले, सगळे त्यांच्याकडे बघू लागले, आणि केक निघाला. घाई नाही, गडबड नाही, एखादी जाडजूड आत्या पाहुण्यांतून वाट काढत जाते तसा तो सगळ्या टेबलांमधून गेला आणि खालच्या खिडकीत बसलेल्या बिशपच्या बहिणीच्या मांडीवर विसावला.

दुसऱ्या दिवशी क्विल्टरसाहेबांनी ठरवलं. जमीन सपाट करायची. फळ्या उखडायच्या, खाली जे काय असेल त्यावर काँक्रीट ओतायचं. गवंडी ठरला गावातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चोख माणूस. डेन्झिल कोब्ली.

"गुरुवारी गाडी येईल," साहेब हात चोळत म्हणाले. "थर्झाबाई, तुमच्या पाचरींना आता पेन्शन!"

थर्झाबाई हसल्या. रात्री पर्सीला म्हणाल्या, "बरंच झालं. एकदाचं गाडलं जाईल." पर्सी लाकूड तासत होता. तो म्हणाला, "मग रडतेस कशाला?"

बुधवारी सकाळी त्या कामावर गेल्या तेव्हा डेन्झिलने गालिचा गुंडाळला होता आणि निम्म्या फळ्या काढल्या होत्या. वय सदुसष्ट, गुडघे कामातून गेलेले, तरी तो जमिनीवर ओणवा होता. थर्झाबाईंना पाहून त्याने सवयीने नाक दाबलं.

"आली बघा आमची शिपन! ये, तुझं माहेर उघडलंय."

"गप रे. आता तरी शहाणा हो."

"थर्झे, जरा इकडे ये," तो म्हणाला. आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. "हे बघ."

फळ्यांखाली नदीतले गोटे बसवलेले होते, मुठीएवढे, एकाला एक चिकटून, खुरांनी घासून गुळगुळीत झालेले. मधोमध ग्रॅनाइटचा चर, वरपासून थेट खालच्या भिंतीपर्यंत गेलेला. दोन्ही अंगांना दावी बांधायचे भोकाचे दगड, आणि त्या भोकांच्या कडा लोण्यासारख्या झिजलेल्या. डेन्झिलने वरून खाली दोरी ताणली होती आणि तो हाताहातावर पट्टी लावून मोजत होता.

"सकाळपासून चौथ्यांदा मोजतोय. हातामागे अर्धा इंच. वर अर्धा, मध्ये अर्धा, खाली अर्धा. कुठं सुतभर फरक नाही." त्याने टोपी काढली आणि डोकं खाजवलं, पण टोपी परत घातली नाही. "पन्नास वर्षं फरशा बसवतोय गं मी. माझ्याकडे पातळी बघायला काचेच्या नळीतला बुडबुडा आहे. हे बसवणाऱ्यांकडे काय होतं? डोळे आणि एखादी बादली. आणि मला उद्या ह्याच्यावर काँक्रीट ओतायचंय."

"मग नको ओतूस."

"मी मजूर आहे. मालकाला सांगायचं असेल तर ते तू सांग. घर तुझं होतं."

तेवढ्यात क्विल्टरसाहेब आले. गोटे पाहून ते दारातच थबकले, आणि मग आनंदाने ओरडले,

"बंदरातले गोटे! कप्तानाने समुद्रकिनाऱ्यावरून आणले असणार!"

डेन्झिलने थर्झाबाईंकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांपूर्वी वर्गात पाहायचा तसं नव्हे. वाट पाहिल्यासारखं.

थर्झाबाईंनी हात ॲप्रनला पुसले. खिशातल्या पाचरी वाजल्या.

"साहेब, कप्तान कुणी नव्हता."

"म्हणजे?"

"शिपन म्हणजे जहाज नव्हे. शिपन म्हणजे गोठा. हा गोठा आहे. आमचा. मी वरच्या खोलीत जन्मले, आणि इथं, तुम्ही उभे आहात ना, तिथं आमची डम्पलिंग बांधलेली असायची. सहा वर्षांची असल्यापासून मी तिचं दूध काढायचे. एकाच दारातून आम्ही आणि गाई यायचो." त्यांनी डेन्झिलकडे पाहिलं. "आणि हो, वास यायचा."

साहेब ज्या दगडावर उभे होते त्यावरून ते हळूच बाजूला सरकले, जणू डम्पलिंगचा पाय पडेल.

"पण... पण मग हा उतार?"

थर्झाबाई स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची बादली घेऊन आल्या. खोलीच्या वरच्या टोकाला उभ्या राहिल्या, एक पाय पुढे टाकला, आणि वडील रोज सकाळी करायचे तसा मनगटाला किंचित झोका देऊन पाणी चरात सोडलं.

पाणी निघालं. धूळ, भुसा, तेवीस वर्षांचे वाटाणे पुढे ढकलत निघालं. मध्यावर एकदा अडलं. तिघंही वाकून बघत राहिले. आतल्या आत काहीतरी विचार केल्यासारखं ते फुगलं, आणि मग सुटलं. एकसारख्या चालीने, न उड्या मारता, न रेंगाळता, खालच्या भिंतीपर्यंत गेलं आणि भिंतीच्या बुडाशी अंधारात नाहीसं झालं.

"कुठं गेलं?" साहेबांनी कुजबुजत विचारलं. देवळात बोलतात तसं.

"चला बाहेर."

तिघं बाहेर धावले. थर्झाबाई पुढे, मागे साहेब, आणि सगळ्यांत मागे गुडघ्यांना शिव्या देत डेन्झिल. खालच्या भिंतीला तो लोखंडी नांगर टेकून उभा होता, भोवती नेचे माजलेले. काहीच दिसेना. मग नेच्यांची पानं हलली. मुळांतून, दगडातून आधी काळा गाळ आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. सहाशे वर्षांपूर्वी कुणी एकाने भिंत रचताना एक दगड मुद्दाम बसवला नव्हता, ती मोरी अजून चालू होती.

अकरा वर्षांत नांगराला पहिल्यांदाच पाणी लागलं.

कुणी हसलं नाही. साहेबांचे चकचकीत बूट भिजले, पण त्यांनी पाय हलवला नाही. वाकून त्यांनी मोरीच्या वरच्या दगडाला हात लावला आणि तसाच ठेवला.

"कुणी बांधलं हे?"

"ते कुठं कोरलेलं नाही," थर्झाबाई म्हणाल्या.

डेन्झिल धापा टाकत होता. "अगं, चालू आहे हे अजून!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "चालू आहे! आणि मी बांधलेली शाळेची मोरी दोन वर्षांत तुंबली." मग नेच्यांकडे बघत, थर्झाबाईंकडे न बघता, तो म्हणाला, "थर्झे. तेव्हा शाळेत... आमच्या घरी गाय नव्हती. ऊबही नव्हती फारशी."

"माहीत आहे मला," थर्झाबाई म्हणाल्या. "तुझे दात वाजायचे ते मागच्या बाकावरून ऐकू यायचे."

गुरुवारी काँक्रीटची गाडी आली ती डेन्झिलने तुंबलेल्या मोरीसाठी शाळेकडे वळवली. जेवणघरात फळ्या परत उतारावरच बसल्या. फक्त मधला पट्टा उघडा ठेवला, चर दिसावा म्हणून. दोरखंड गेले, चाक गेलं. रागीट म्हाताऱ्याला टाकून द्यायला साहेबांचं मन धजेना. त्याला त्यांनी पुरुषांच्या संडासात लावलं, आणि तिथे तो अगदी योग्य वाटतो असं सर्वांचं मत पडलं. नांगर मात्र हलवला नाही. कार्डं साहेबांनी स्वतः बंबात घातली आणि थर्झाबाईंपुढे कोरे कागद ठेवले.

"आता खरं काय ते तुम्ही लिहा."

"लिहायचं कशाला? मी आहे ना इथं," त्या म्हणाल्या.

ईस्टरला बर्मिंगहॅमचं एक जोडपं आलं. बाईंनी सूप तिरकं झालेलं पाहून तक्रारीच्या सुरात विचारलं, "हे टेबल असं का हो?"

थर्झाबाई खाली वाकल्या, सात नंबरची पाचर पायाखाली सारली आणि टेबल एकदा हलवून पाहिलं.

"बाई, तुम्ही बसलाय ना, तिथं माझी डम्पलिंग उभी राहायची," त्या म्हणाल्या. "थांबा, आधी सूप घ्या. मग मी एक बादली आणते."