ललितने किल्ला निवडला

आमच्या गल्लीत ललित बोलायला लागला की आजूबाजूचे टीव्ही बंद करावे लागतात. यात त्याचा दोष नाही. मिसरूड फुटायच्या वयात तो शिरपूरकडच्या गावातून सुरतेच्या उधन्याला आला आणि लूम्सच्या खात्यावर लागला. खातं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत यंत्रमागांच्या रांगा, आणि असा खडखडाट की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तिथे माणसं एक तर बेंबीच्या देठापासून ओरडतात, नाही तर आवाजच काढत नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. ललितला हे दोन्ही येतं, मधलं काही येत नाही. त्याला "हळू बोल रे" म्हटलं की तो शहाण्यासारखी मान डोलावतो आणि तेवढ्याच आवाजात "बरं!" म्हणतो.

मी सुमन. डिंडोलीत ललितच्या खोलीला लागूनच माझं घर आहे, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य मला भिंतीतून ऐकू येतं. चौकबाजारच्या जुन्या किल्ल्यात मी तिकीट खिडकीवर बसते. किल्ला मोठा देखणा केलाय आता. पण येणाऱ्यांपैकी निम्म्यांना इतिहासाशी काही देणंघेणं नसतं, हे मला खिडकीतूनच कळतं. पाठीमागे गुलाब लपवून एका हाताने सुटे पैसे मोजणारा पोरगा काय तोफा बघायला येतो? येईना का बापडा, मला त्याचा राग नाही. भिंतीवर बदाम काढून त्यात नावं खरवडतात ना, त्यांचे मात्र हात धरून फोडावेसे वाटतात.

हे फोडायचं काम उज्ज्वलाचं. ती किल्ल्यावर सिक्युरिटी गार्ड आहे. खाकी शर्ट-पँट, गळ्यात शिट्टी, आणि नजर अशी की बुरुजावरचं जोडपं नुसत्या नजरेने हातभर लांब सरकतं. ती आमच्याच गल्लीतली, धुडकूभाऊंची मुलगी. धुडकूभाऊंचा जन्म लूम्सवर गेला आणि जाताना कान घेऊन गेला. आता ते घरीच असतात. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ नीट दिसतील असं बोलायचं.

ललित आणि उज्ज्वलाचं जुळलं ते कानबाईच्या विसर्जनाला. श्रावणात आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर जाते. त्या वर्षी बँडवाल्याने असा काही हात धुऊन घेतला की बायकांची गाणी कुणाला ऐकूच जाईनात. तेव्हा मागून ललितने गाणं उचललं. बँड बुडाला, गाणं वर आलं. उज्ज्वला डोक्यावर कानबाई घेऊन चालली होती, ती हसली, आणि तिथेच हा गडी कामातून गेला. मग बस एक झाली, सुटीचा दिवस एक झाला, भेळ एका कागदात झाली. लग्नाचं मात्र कुणी काढेना.

आणि अशात नंदुरबारकडचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे येणार, पोरगी पसंत पडली तर त्याच बैठकीत सुपारी फोडून मोकळे होणार, असं ठरलं. उज्ज्वला दुपारी डबा घेऊन माझ्या खिडकीत आली ती तणतणतच.

"मावशी, आतापर्यंत इतकी स्थळं आली. सगळे बाबांना विचारतात. उंची बाबांना विचारतात, नोकरी सोडेल का ते बाबांना विचारतात. माले कोनी इचारस का?"

"आणि आपले लाउडस्पीकर काय म्हणतात?"

"तो म्हणतो, मामाला पाठवतो बाबांकडे. म्हणजे पुन्हा बाबांनाच!" तिने भाकरीचा तुकडा असा मोडला की मला भाकरीची दया आली. "इथे रोज कुणी ना कुणी पोरगा कुणा पोरीला विचारतो. मी शिट्टी धरून बघत उभी असते. दुसऱ्यांचंच बघण्यात माझं वय चाललं. ललितने मला विचारावं, मावशी. मला. रविवारच्या आत विचारलं नाही तर बाबा म्हणतील तिथे मान खाली घालीन आणि जाईन."

ती हे रागाने बोलत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच संध्याकाळी ललितचं दार वाजवलं आणि त्याला चार शब्द ऐकवले. ठोंब्या, म्हटलं, पोरगी हातची चालली आणि तू मामाची वाट बघतोस. तो खाटेवर मटकन बसला. मग उठून म्हणाला, "विचारतो! पण चांगल्या जागी विचारतो!"

"बसस्टॉपवर विचार, पण विचार."

"नाही मावशी. जुनी जागा पाहिजे. ऐतिहासिक." तो पुन्हा खाटेवर टेकला. "आपल्या खोल्या बघा. दर दोन-तीन वर्षांनी मालक काढतो, नवी शोधायची. खातं बंद पडलं की दुसरं खातं. मी इथे आल्यापासून एकही जागा माझ्याजवळ टिकली नाही. एवढी मोठी गोष्ट विचारायची तर चारशे-पाचशे वर्षं उभी असलेली जागा नको?"

बरं, म्हटलं, शोध. मग पठ्ठ्याने मोबाइलवर एकेक दाखवायला सुरुवात केली. पहिल्यांदा कतारगाम दरवाजाकडचे ते मोठे घुमट. म्हटलं, अरे, ते डच लोकांचं कब्रस्तान आहे, लग्नाचं विचारायला थडग्यात नेतोस? मग मुघलसराई. तिथे महापालिकेचं ऑफिस आहे, तू गुडघा टेकशील आणि कुणी तरी विचारेल घरवेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, लाइन हीच का. मग बारडोलीचा आश्रम. तो सत्याग्रहाचा, तिने नाही म्हटलं तर तिथे उपोषणाला बसायची सोय आहे खरी. गोपी तलावावर पोरांचा कालवा. शेवटी त्याचा चेहरा उजळला. "किल्ला!"

"कुठला?"

"तुमचा! ती रोज किल्ल्याबद्दलच बोलते. या बुरुजावर असं झालं, त्या पुलावर तसं झालं. तिला किल्ला आवडतो!"

"अरे बाबा, ती तिथे नोकरी करते. तू तिला तुझ्या खात्यावर फिरायला नेशील का?"

पण त्याचं ठरलं होतं. आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं. मी म्हटलं, महाराज सुरतेत येऊन गेले, पण हा किल्ला काही त्यांनी घेतला नाही, तू काय घेणार? तो हसला, म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं की तो हसला. एक गोष्ट मात्र त्याला पटली, की हे बोलणं हळू व्हायला हवं. मग रोज संध्याकाळी मी त्याला उशीत तोंड खुपसून वाक्य म्हणायला लावलं. उशीतूनही आवाज गेला आणि शेजारची शोभा विचारायला आली, काय झालं, कोण ओरडतंय? ही शोभा म्हणजे उज्ज्वलाची आईच. मी सांगितलं, पोट दुखतंय त्याचं.

गुरुवारी उज्ज्वलाची सुटी. ललितने नुसतं "फिरायला जाऊ" सांगितलेलं, तिला वाटलं डुमसला, समुद्रावर. जांभळी साडी, उंच टाचांच्या चपला, केसांत गजरा अशी नटून निघालेली ती चौकबाजारला बसमधून उतरली आणि समोर किल्ला बघून तिचा चेहरा जो पडला, तो मला खिडकीतून स्पष्ट दिसला. सुटीच्या दिवशी कामावर! ललित छाती काढून दोन तिकिटं घेत होता आणि ती सवयीने स्टाफच्या दाराकडे वळली होती.

पुलावर पोचतात तोच एक पोरगा भिंतीत किल्ली खुपसताना दिसला. हिचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी नव्हती. मग हिने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ मारली की पोरगा किल्ली टाकून पळाला. ललितने ती उचलून काउंटरवर जमा केली. मागणी घालायची सुरुवात ही अशी.

मी "थोड्या वेळात येते"ची पाटी लावून मागे गेले. खोटं कशाला बोलू, मला राहवलंच नाही. ललित तिला बुरुजातल्या गोल खोलीत घेऊन गेला. तिथे गारवा असतो, शांतता असते, म्हणून त्याने ती निवडली होती. एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही की अशा खोलीत टाचणी पडली तरी वाजते. त्याने घसा साफ केला, त्याचाच दणका उठला. मग त्याने डोळे मिटून, उशीत शिकवलेलं सगळं विसरून विचारलं.

"उज्ज्वला! तू मनासंगे लगीन करशी का?"

भिंतींनी ते दोनदा ऐकवलं. तटावरचे लोक थांबले, खालचे वर बघायला लागले. दारात एक कुटुंब येऊन उभं राहिलं, त्यातली बाई मोबाइल काढून म्हणाली, "हा पाडी दो, बेन! हो म्हणा!" उज्ज्वला लालबुंद झाली आणि तशीच बाहेर पडली.

ललित तसाच उभा. मला त्या क्षणी त्याचा इतका कळवळा आला की त्याला धपाटा घालावासा वाटला. "जा तिच्या मागे," मी म्हटलं. तो धावला.

ती तटाला लागून असलेल्या बाकावर बसली होती, चपला काढून. त्या बाकावर मी तिला आजवर कधी बसलेलं बघितलं नव्हतं, ड्युटीवर बसायची परवानगी नाही. आता त्या दोघांच्या बोलण्यातलं ललितचं सगळं मला ऐकू येत होतं, तिचं काहीच नाही. "मला वाटलं तुला आवडतो!" मग ती काहीतरी बोलली. "पाय दुखतात? रोज?" मग ती बोलली. "मला माहीत नव्हतं गं!" हे सगळ्या तटाला कळलं. तेव्हा तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. हात काढला आणि नुसते ओठ हलवले.

लूम्सवरच्या माणसांची बोली ती. बापाशी बोलता बोलता लहानपणीच शिकलेली. ललितही आवाज बंद करून ओठ हलवायला लागला. इतक्या वेळात पहिल्यांदा किल्ल्यावर शांतता झाली. ते दोघं तसे कितीतरी वेळ बोलत राहिले आणि आजूबाजूच्या कुणालाही त्यातलं अक्षर कळलं नाही. मलाही नाही. मोबाइलवाली बाई मात्र शूटिंग करतच होती. मग उज्ज्वला उठली, चपला हातात घेतल्या आणि एकटीच बसकडे निघून गेली.

"काय म्हणाली?" मी ललितला विचारलं.

तो डोळे पुसत होता. ते रडणं कसलं होतं, काही कळेना. "सांगू नको म्हणाली," तो म्हणाला, तेही त्याच्या मानाने हळूच.

त्या बाईने व्हिडिओ आमच्या डिंडोलीतल्याच एका गार्डला दिला, त्याने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळी मी डिंडोलीला पोचेपर्यंत कुणाच्या घरी बघायचा राहिला नव्हता. उज्ज्वला बाजारात गेलेली, म्हणून मी आधी धुडकूभाऊंकडे गेले. शोभा दारातच भेटली. चेहरा काळवंडलेला. "दुपारपासून तोच व्हिडिओ धरून बसलेत," ती म्हणाली. "जेवले नाहीत."

धुडकूभाऊ खाटेवर होते. मोबाइलचा आवाज बंद. त्यांना तसाही तो काय उपयोगाचा? मी मनात वाक्यं जुळवत होते, पोरीवर रागावू नका, पोरगा सोन्यासारखा आहे, वगैरे. त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. तटावरचा बाक. उज्ज्वलाचे हलणारे ओठ.

"दख, सुमनबाई," ते म्हणाले. त्यांचाही आवाज खात्यावरचाच. "आठे ती म्हनस, 'हो.' आनि म्हनस, 'पन बाबाले मी सांगसू. तू नही.'"

आम्हा साऱ्यांना जे कळलं नव्हतं ते या बहिऱ्या माणसाने घरबसल्या वाचलं होतं. मला हसूच आलं, एवढं हलकं वाटलं. पण ते हसत नव्हते. त्यांनी व्हिडिओ पुढे नेला.

"आठे पोऱ्या इचारस, 'बाबा नही म्हनले तर?'" ते थांबले. पुढचं त्यांनी मला मराठीत सांगितलं, बहुतेक घरच्या भाषेत त्यांच्याने ते बोलवेना. "ती म्हणते, 'माहीत नाही. बाबांनी मला कधी काही विचारलंच नाही.'"

एवढ्याच तुकड्यासाठी ते दुपारपासून जेवले नव्हते. शोभा पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली.

तेवढ्यात उज्ज्वला आली. हातात भाजीची पिशवी, हनुवटी वर, भांडायच्या तयारीने. बसमध्ये, बाजारात तिने सगळं पाठ केलेलं असणार. तिने पिशवी ठेवली, बापासमोर ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माले तुमले काहीतरी सांगनं शे."

धुडकूभाऊंनी हात वर केला. ती थांबली. तिला वाटलं, संपलं.

"मी आधी इचारस," ते म्हणाले. "आंडेर, मनी पोर, तुले काय वाटस? तुले कोनासंगे लगीन करनं शे?"

गल्लीतल्या दारांतून माणसं डोकवायला लागली, एवढा तो आवाज. उज्ज्वलाने तोंड उघडलं, पण पाठ केलेलं एकही वाक्य तिला आठवेना. ती खाली बसली, बापाच्या गुडघ्याशी.

"बाबा," ती म्हणाली, "परत एकदा इचारा ना."

त्यांनी परत विचारलं, पहिल्यापेक्षा हळू. मग तिने सांगितलं, "ललितसंगे."