जात्याला सांगितलेलं

निजामी गेली तशी आमच्या शाळेतली उर्दूही गेली आणि तिच्या जागी पुण्याकडचे एक गुरुजी आले. आमचं गाव चारठाण्याहून तासाभराच्या वाटेवर. असा गोड बोलणारा माणूस आम्ही पोरांनी कधी ऐकलाच नव्हता. मी तर त्यांच्यावर जीव टाकायची.

साहित्यप्रकार शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. वृत्त, मात्रा यांच्या वाटेला ते जायचेच नाहीत. म्हणायचे, "कोण कोणाला सांगतंय, एवढं बघा." पोवाडा गर्दीला सांगायचा, पाळणा बाळाला. ओवी जात्याला, आणि जातं कुणाला सांगत नाही, म्हणून बाई त्याला सगळं सांगते. हे मला फार पटलं, कारण आमच्या घरी रोज पहाटे तेच चालायचं.

मला भाऊ नव्हता, म्हणून आबांनी दुसरी बायको केली होती. माय त्या धाकटीशी नीट वागायची. "दोघी बहिनीवानी नांदायल्यात," असं गाव म्हणायचं आणि माय त्या शब्दावर जगायची. तिची तक्रार कुणी ऐकली नव्हती. ऐकली ती जात्यानं, आणि दळताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या माझ्या कानांनी.

गुरुजींनी सगळ्यांना घरून एकेक नमुना आणायला सांगितला. पोरांनी आरत्या आणल्या, उखाणे आणले. मी शाळा सुटल्यावर थांबले आणि त्यांना एकट्याला मायची ओवी म्हणून दाखवली.

सांगते जात्या तुला, नको बाहेर नेऊ
सवतीचं वाढलेलं, कसं गोड मानून खाऊ

गुरुजी हरखून गेले. "बाकीच्यांनी पाठ केलेलं आणलं, तू खरं आणलंस," म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, कुनाला सांगू नका. माय मरंल." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मी उड्या मारत घरी गेले.

पुढे प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला जिंतूरहून तहसीलदार आले. सगळा गाव शाळेपुढं बसला होता. पुढच्या सतरंजीवर आबा, लिंबाखाली बायका, त्यांत माय आणि तिच्या शेजारी धाकटी. कार्यक्रम असा की एकानं म्हणायचं आणि बाकीच्या पोरांनी प्रकार ओळखायचा. पोवाडा झाला, पाळणा झाला. मग गुरुजी स्वतः उभे राहिले आणि डोळे मिटून, अगदी गोड गळ्यानं, मायची ओवी म्हणाले.

"ओवी!" पोरं ओरडली.

तहसीलदारांनी विचारलं, "कुठली हो ही?"

"याच गावची, साहेब. या मुलीच्या आईची," म्हणत त्यांनी माझ्याकडं बोट केलं. वर टाळ्या पडल्या. माय उठली, पदर तोंडावर ओढून घराकडं चालू लागली. धाकटी तिथंच मान खाली घालून रडत बसली. तिचा बिचारीचा तरी काय दोष होता.

घरी आबा मायला एवढंच म्हणाले, "तुला कमी काय केलं म्या?" रात्रीचं जेवण धाकटीनं वाढलं आणि मायनं ते खाली बघत सगळं खाल्लं. मला जवळ घेऊन म्हणाली, "तू लहान हाईस गं. पन त्यो मानूस तर शिकलेला हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना गाठलं. "तुमी शब्द दिला व्हता."

ते हसले. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "अगं वेडे, साहेब किती खूश झाले! तुझ्या आईचं कौतुक झालं, आणि तू तोंड पाडून काय बसलीस?" त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं. कळून सवरून केलं असतं तर मी एखाद वेळेस माफ केलं असतं. आजही त्यांना गुरुजी म्हणते, कारण तोंडाला सवय आहे.

माय त्यानंतरही रोज पहाटे दळायची. मी तशीच मांडीवर डोकं ठेवायची आणि वाट बघायची. नुसती घरघर ऐकू यायची. गावात पिठाची गिरणी आली तोवर जातं तसंच मुकं फिरलं.

वार्षिक परीक्षेत गुरुजींनी प्रश्न घातला, "ओवी कशी ओळखावी?" मी लिहिलं, "बाई ती जात्याला सांगते आणि जातं ती कुणाला सांगत नाही." त्यांनी त्यावर लाल शाईनं 'शाबास' लिहिलं आणि पूर्ण गुण दिले.