पंचिंग मशीनजवळची नोटीस

सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो. कामगारांची नावं, फोन, पत्ते शोधायचं पान माझ्याकडे होतं; गेटवर, कँटीनमध्ये ते कुणालाही उघडता यायचं. स्टोअरमधली एक बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून दिंडोरीला मावशीकडे राहायला गेली. नवरा आमच्याच कारखान्यात, प्रेस शॉपला पत्रे दाबायच्या मशीनवर. ती येऊन म्हणाली, "दादा, माझा नवा पत्ता कुणाला दिसायला नको." मी तो लपवला आणि वर ऐटीत म्हणालो, "ताई, बिनधास्त राहा."

कसलं बिनधास्त! महिनाभरात मलाच कळलं, की शोधायच्या चौकटीत नावापुढे कंस आणि स्टार ठरावीक पद्धतीने टाकले की लपवलेलं सगळं बाहेर येतं. चौकटीत जे लिहिलं ते न तपासता आतल्या यादीकडे जायचं, आणि यादी त्यालाच हुकूम समजायची. दुरुस्ती दोन दिवसांची होती, पण तेवढे दिवस पान बंद ठेवावं लागणार होतं.

साहेब म्हणाले, "गेटवरचा वॉचमन दिवसभर त्याच्यावरच नावं शोधतो. बंद कसं ठेवणार? लोकांना सांगा, असलं काही टाकू नका. नोटीस काढा."

"अहो साहेब, मग तर सगळ्यांनाच कळेल!"

"तुम्ही फार ताणता बुवा."

अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते. साहेबांपेक्षा जास्त माझ्यावरच. नोकरी नवी होती, साहेबांशी वाकडं घ्यायची हिंमत नव्हती. नोटीस मीच टाइप केली: शोधताना खालील अक्षरे टाकू नयेत. खाली ती अक्षरं, जशीच्या तशी, ठळक. शिपायाने ती हजेरीच्या पंचिंग मशीनजवळ चिकटवली. निदान त्या बाईला सांगायचं, तर तेही केलं नाही. लाज वाटली.

चहाच्या सुट्टीत कँटीनमधल्या कॉम्प्युटरवर ही गर्दी! जो तो तेच टाकून बघत होता, खिदळत होता. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा मावशीच्या दारात होता. शेजारी धावले म्हणून वाचली.

मग मात्र पान दोन दिवस बंद राहिलं. वॉचमनने रजिस्टरमध्ये बघून काम भागवलं. काही अडलं नाही.

ती राजीनामा द्यायला आली तेव्हा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. ओळखपत्र डाव्या हाताने माझ्या टेबलावर ठेवलं. मी कसंबसं विचारलं, "आता कुठे राहणार, ताई?"

ती रागावली नाही. म्हणाली, "ते तुम्हाला कसं सांगू, दादा?"