उसवलेला शर्ट

"मुर्दा सापडला काय त्यात?" कय्यूमनं तिसऱ्यांदा विचारलं. त्याच्या हातात शर्टाची एक बाही होती, दुसरी बाजेवर पडली होती आणि कॉलर अन् एक सुटा कफ गुलनारच्या मांडीवर होता. "ईदले एकडाव घातलेला शर्ट, व! उसवताना हात नाई थरथरला तुहा?"

"थरथरला असता तं कापड फाटलं असतं," गुलनार म्हणाली. "पाह्य, एक सूत तुटलं नाई."

"मंग जोड आता."

"जोडीन. घाई काऊन? तुमचा भाऊ ट्रकातून आणतेच. तोच दुसरा देईन."

अंगणापलीकडे कढई जरा जास्तच जोरात आदळली. घर एक, अंगण एक, चुली दोन. पलीकडची चूल कय्यूमच्या धाकट्या भावाची, जुनेदची. जुनेद ट्रकवर गेलेला, तेव्हा चुलीशी त्याची बायको फिजा एकटीच होती. तिनं बसल्या जागेवरून हाक दिली, "भाभी, राग माह्यावर हाय तं मले बोला. शर्टानं काय केलं?"

"तुले कोण बोललं? मी शर्टासंगं बोलून राह्यली."

सफा, गुलनारची मुलगी, ओढणीत तोंड खुपसून हसली. आईनं पाहिलं तशी गप झाली, पण हसली ती हसलीच. गुलनारला कय्यूमच्या ओरडण्यापेक्षा ते हसू जास्त लागलं.

शर्ट फिजानंच दिला होता, बकरी ईदला, जेठाला मान म्हणून. घडी न मोडलेला, पांढऱ्यावर निळी बारीक रेघ. कय्यूमनं तो घालून आरशासमोर बराच वेळ काढला होता. वीस वर्षांत बायकोनं शिवलेला शर्ट घालून तो आरशासमोर इतका कधी थांबला नव्हता.

गुलनार सोनाळ्याची. लग्न होऊन वरवट बकालला आली तेव्हा सासऱ्याचं शिलाईचं दुकान जोरात होतं. पुढे रेडिमेड पँटी आल्या, कय्यूमच्या हातचं काम गेलं आणि तो हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागला. गुलनारची मशीन मात्र थांबली नाही. या भागात बाया कापूस वेचायला जातात तेव्हा लुगड्यावरून पुरुषी शर्ट घालतात. वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी, दिवसभरात हात सोलून निघतो. बीटी बियाणं आल्यापासून झाडं दाट झाली, बोंडं वाढली आणि लांब बाहीचा शर्ट प्रत्येकीला लागू लागला. गुलनार खांद्यात सैल, गुडघ्यापर्यंत लांब असा शर्ट बेतायची. खिसा ठेवायची नाही, कारण खिशात कचरा साठतो. झुंबरबाई वेचणाऱ्या बायांची टोळी चालवायची. दरवर्षी वावरात सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू व्हायच्या आधी ती अख्ख्या टोळीचे शर्ट गुलनारकडे सांगायची.

यंदा ती आली नव्हती.

कारण साधं होतं. जुनेद खामगावकडच्या कापसाच्या गाठी घेऊन बंगालच्या सरहद्दीपर्यंत जायचा. गाठी तिथून पलीकडे बांगलादेशात जायच्या. परत येताना ट्रक अर्धा रिकामा. शेजारच्या देशांचा काही करार झाला होता आणि गेल्या वर्षापासून तिकडच्या कपड्यांवरची जकात सरकारनं काढून टाकली होती. कलकत्त्याच्या बाजारात शर्टांचे ढीग लागले. जुनेदनं एकदा दोन गठ्ठे आणले, मग चार. फिजानं आधी ते आठवडी बाजारात बांबूवर टांगले, नंतर स्टँडजवळ गाळा घेतला. जाताना गाठी, येताना शर्ट.

"आपलाच कापूस ना?" गुलनारनं एकदा जुनेदला विचारलं होतं. "मंग इथंच शिवाले काय झालं?"

"भाभी, तिथं कारखान्याले कारखाना लागून हाय. एकेका मजल्यावर बायाच बाया. सूत शेजारी, बटन शेजारी, धुलाई शेजारी. एक बाई दिवसभर नुसते कफ लावते. दुसरी नुसते काज करते. तुमी एकल्यानं सगळं करता."

"म्हणून माहा शर्ट महाग?"

"म्हणून."

जुनेदला आपण काही वाईट बोललो असं वाटलंही नाही. तो चहा पिऊन निघून गेला.

गुलनारला फिजाच्या गाळ्याचा, तिच्या नव्या पंख्याचा, गल्लीतल्या बाया आता तिला 'फिजाभाभी' म्हणायच्या त्याचा, सगळ्याचा राग होता. पण हे सगळं तिनं गिळलं असतं. गिळवत नव्हती ती सफा. दहा वर्षांची असल्यापासून सफाला तिनं मशीनवर बसवलं होतं. पोरीचा हात आईच्या वर निघाला. ती पोर आता रोज संध्याकाळी फिजाच्या गाळ्यावर जाऊन बसायची. ओढणी फिजासारखी घ्यायला लागली होती. वाक्याची सुरुवात 'चाची म्हणते' अशी व्हायची. आणि फिजानं मागणं घातलं होतं: हंगामापुरती सफाला दुकानात पाठवा, पगार देते. सफाला जायचंच होतं.

म्हणून एक दिवस नळावर घागर भरताना गुलनार बोलून गेली, "असे गठ्ठ्यानं आलेले कपडे मुर्द्याच्या अंगावरचे राह्यतात म्हणे." म्हणे, एवढंच. घागर उचलली आणि घरी आली.

आणि मग तिलाच वाटलं, खरंही असेल. घातलेला कपडा कितीही धुवा, शिवणीच्या आत धूळ राहतेच. दुमडलेल्या पट्टीचा रंग गडद राहतो, बाहेरचा उडतो. शिलाईवालीपासून ते लपत नाही. कय्यूम आंघोळीला गेला आणि तिनं शर्ट उसवायला घेतला.

धूळ नव्हती. आतला रंग आणि बाहेरचा रंग एक. शर्ट कोरा होता. हे एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं, पण कफ हातात आला आणि तिचा हात थांबला. टाके जणू मापून टाकलेले, कोपरा काटकोनात वळलेला, कुठे ओढ नाही, कुठे सैल नाही. कॉलर दुसऱ्या हाताची होती, तेही तिला कळलं. ती बाई जरा घाईची असावी. पण कफवाली! फिजा बाजूला राहिली आणि गुलनार त्या न पाहिलेल्या बाईवर जळू लागली. तिला खिडकीचा उजेड असेल. लाइट जात नसेल. कफ अर्ध्यात असताना तिला कुणी 'दूध उतू गेलं' म्हणून हाक मारत नसेल. एकच काम, आणि ते हात बसेपर्यंत करायची मुभा. आपल्याला असं मिळालं असतं तर?

तेवढ्यात कय्यूम आंघोळीहून आला आणि भांडण लागलं.

भांडण अजून मिटलं नव्हतं तोच झुंबरबाई दोन बाया घेऊन अंगणात आली. मधोमध बसकण मारली.

"काय व, नवऱ्याले उघडा ठेवला का?" तिनं बनियनवरच्या कय्यूमकडे पाहत विचारलं. कय्यूम बाही घेऊन आत गेला. मग झुंबरबाईचा आवाज उतरला. "गुलनार, एक इचारू काय? यंदा लाल्या रोगानं पऱ्हाटी खाल्ली, कापूस कमीच हाय. मालकाचा हात आखडला तं आमचाबी आखडला. तुहे शर्ट नाई परवडत, राग नको मानू. फिजाचे घ्यावं म्हटलं तं बाया अडून बसल्या. म्हणतात, मुर्द्याचे हायेत. नळावर ऐकलं म्हणतात. तू शिलाईवाली. तुले कळते. हायेत काय? तू म्हणशीन ते."

फिजा उंबऱ्यापर्यंत आली होती. हात पिठाचे. नळावर कोण बोललं हे तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडावरून दिसत होतं. सफाही आईकडे पाहत होती, आणि आता हसत नव्हती.

गुलनारला 'हाव' म्हणायचीही गरज नव्हती. नुसते खांदे उडवले असते, नुसतं 'मले काय माहीत बाई' म्हटलं असतं, तरी स्टँडजवळचा गाळा बसला असता. टोळी तरीही आपल्याकडे वळली नसती, नवऱ्यांचे फाटके शर्ट घालून वावरात गेली असती, हेही तिला कळत होतं. तरी तो एक शब्द तोंडात गुळाच्या खड्यासारखा गोड लागत होता. तिनं तो थोडा वेळ तसाच धरला.

मग मांडीवरचा कफ उचलून झुंबरबाईच्या हातात दिला. "शिवणीच्या आत पाह्य. धूळ हाय काय?"

"नाई."

"कोरा हाय. कोण्या मुर्द्यानं नाई घातला." पुढचं वाक्य तिनं जवळजवळ रागानंच टाकलं, "चांगल्या हातचा हाय."

खरं बोलल्याचं पुण्यबिण्य तिच्या मनात नव्हतं. त्या कफाला मुर्द्याचा म्हणवेना, एवढंच.

"बस," झुंबरबाई उठली. "तू म्हटलं म्हणजे झालं. फिजा, चाल व, गाळा उघड." बाया निघाल्यासुद्धा. फिजानं पिठाचे हात ओढणीलाच पुसले.

दिवेलागणीला फिजा परत आली ती जिलबीचा पुडा घेऊन. टोळीनं शर्ट नेले होते आणि त्यांचं पाहून दुसऱ्या टोळीच्या बायाही आल्या होत्या. "हर एक बाई एकच इचारे भाभी, गुलनारनं पाह्यला काय? मी म्हणे, हाव. की लगेच घेत." फिजानं जिलबी सगळ्यांच्या ताटात वाढली. "आता तं सफाले पाठवा. मले एकटीले गर्दी आवरत नाई."

नळाचं नाव तिनं काढलं नाही. तेच गुलनारला जिरत नव्हतं. दोन शब्द सुनावले असते, भांडली असती, तर हिशेब बरोबर झाला असता. मोठ्या जावेला माफ करायचा अधिकार हिला कुणी दिला?

सफा आईकडे आशेनं पाहत होती. पोर गेली तर दोन महिन्यांत पुरी चाचीची होईल. पोर नाही गेली तर फिजा दुसरी कुणी ठेवेल आणि दुकान वाढतच जाईल. त्या जुनेदच्या गठ्ठ्यांपुढे मशीन हाकून काही होणार नव्हतं. पण बाया फिजाला विचारत नव्हत्या, 'गुलनारनं पाह्यला काय' असं विचारत होत्या. आज तो शब्द फुकट गेला होता.

गुलनारनं जिलबीला हात न लावता ताट सारलं.

"सफा दुकानात येणार नाई."

"अम्मी!"

"मी येणार. उद्यापासून. नोकर म्हणून नाई, अर्धा हिस्सा."

फिजाचा घास हातातच राहिला. "अर्धा, भाभी?"

"अर्धा. माल तुहा, जबान माही." मग कय्यूमकडे न पाहता ती उठली. "सफा मशीनवर बसन. दुपारची रोटी ज्याले भूक लागन त्यानं करायची."