सात मार्कांची भाजी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एम.एस्सी.ला जायचं तर मला केमिस्ट्रीत शंभरापैकी साठ हवे होते. त्यातले वीस कॉलेजच्या हातात, ऐंशी लेखीचे. कॉलेजच्या हातात म्हणजे आमच्या सरांच्या हातात.

सरांनी बोलावून वहीच्या मागच्या पानावर गणितच मांडून दाखवलं. "तुझे अकरा होतायत. म्हणजे लेखीला एकोणपन्नास लागतील. आपल्याकडे पडतात का कुणाला एवढे? अठरा झाले तर बेचाळीसवर भागेल." आणि लगेच म्हणाले, "तुमचा भाजीचा मळा आहे ना गं, गंगापूर रोडला?"

इतका गलिच्छपणा इतक्या गोड आवाजात मी तोवर ऐकला नव्हता.

तरी घरी येऊन मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगितलं. नुसतं सांगितलं, मागितलं काहीच नाही, अशी पुढे कित्येक वर्षं मी माझी समजूत घालत आले. खोटं आहे ते. अण्णा काय करतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मंग त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "भाजी लय हाय आपल्याकडं."

दर रविवारी सरांच्या घरी फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर जायला लागली. एकदा मी सोबत गेले. सरांच्या बायकोने दारातच जुडी उलटीपालटी केली. "जून आहे हो ही. बदलून आणा." बाजारात कुणी असं बोललं असतं तर अण्णांनी जुडी हिसकावून घेतली असती. इथे ते "हो ताई" म्हणाले, सायकलवरून पुन्हा मळ्यात गेले आणि कोवळी जुडी घेऊन आले. तेवढ्यात सर बाहेर आले. अण्णांनी टोपी काढली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सर त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी लहान. त्या माणसाने पाय मागेसुद्धा घेतला नाही.

मला सरांची किळस वाटली, त्या दाराची वाटली. आणि सगळ्यात जास्त माझी, कारण तिथे उभी राहूनही माझ्या डोक्यात बेचाळीसच चाललं होतं.

निकाल लागला. कॉलेजचे अठरा. लेखीला एकावन्न.

अकरा आणि एकावन्न बासष्ट होतात, हे कळायला मला कागदही लागला नाही. त्या सात मार्कांची मला गरजच नव्हती. अण्णांना मी फक्त "पास झाले, साठाच्या वर" एवढंच म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. "सायबांची कृपा," म्हणाले आणि पेढे घेऊन मला तडक सरांच्या घरी घेऊन गेले. मार्कशीट माझ्या हातात होती. एक वाक्य बोलले असते तर ते दारातूनच परत फिरले असते. मी बोलले नाही, आणि अण्णा पुन्हा वाकले.