खांडसरीची वाट

त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मी मनापासून चिंतलं होतं, आणि नुसतं चिंतून थांबले नाही. आता वय झाल्यावर लोक म्हणतात, जुनं विसरावं, जीव हलका होतो. मी विसरलेले नाही, आणि माझा जीव कशानं जड झालाय असंही मला वाटत नाही. तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

माझं माहेर कऱ्हाटीचं. तिकडे पाण्याची ओढ. उन्हाळ्यात बायका पोहरा टाकून तासन्‌तास बसायच्या. मला इंदापूर तालुक्यात दिलं तेव्हा आई म्हणाली, पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरला. ते खरंच होतं. सासरची वस्ती ओढ्याच्या काठाला, दहा-बारा घरांची. वरच्या कालव्याचा पाझर ओढ्यात उतरायचा, त्यामुळे तो वैशाखातही वाहता असायचा. प्यायला आम्ही काठच्या वाळूत झिरा उकरायचो. वाटीनं उपसून घागर भरायची. तळाची वाळू मोजून घ्यावी इतकं ते पाणी नितळ. शेताला ओढ्याचाच पाट. वांगी, मेथी, घेवडा, मिरची काढायची आणि बाजारच्या दिवशी गाडी भरून इंदापूरला नाहीतर बारामतीला न्यायची.

घरात आम्ही तिघं: नवरा, मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते आणि शेत आत्यांच्या नावावर होतं. आत्या फार बोलायच्या नाहीत. काम मात्र दोन गड्यांचं करायच्या.

माझी लेक झाली त्याच सुमारास ओढ्याच्या वरच्या अंगाला खांडसरी उभी राहिली. खांडसरी म्हणजे गुऱ्हाळापेक्षा मोठी, साखर कारखान्यापेक्षा लहान. उघड्या कढयांत रस आटवून साखर काढायची. मालक बारामतीकडचा बडा बागायतदार. वस्तीला आनंदच झाला. गड्यांना काम मिळालं, माझ्या चुलत दिरानं ओढ्यापलीकडच्या त्याच्या रानात घाईघाईनं ऊस लावला. पलीकडच्या काठावरच्या गावांचा ऊस खांडसरीला यायचा तो आमच्या शेतातून. ओढ्याचे काठ सगळीकडे उभे, कड्यासारखे. बैलगाडी उतरेल असा उतार एकच, तो आमच्या रानात. सासऱ्यांनी त्यांच्या काळात शेजाऱ्यांच्या गाड्यांना तिथून वाट दिली होती, तीच पुढे खांडसरीची वाट झाली. आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला अडवलं नाही.

पहिलं गाळप सुरू झालं आणि महिन्याभरात ओढ्याला वास यायला लागला. आंबलेला, कुजका वास, तोंडाला पदर लावला तरी घशात उतरणारा. मळी, कढया धुतलेलं पाणी, सगळी घाण खांडसरीवाला सरळ ओढ्यात सोडत होता. पाणी आधी ताकासारखं गढूळ झालं, मग तांबडं, मग काळं. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. म्हशी पाण्यापाशी जायच्या, हुंगायच्या आणि मागं फिरायच्या. जनावराला कळत होतं. आम्हाला इलाज नव्हता.

झिरा उकरला की त्यातही पिवळं पाणी झिरपायचं. काठाला एक विहीर होती, तिलाही तीच चव लागली. गोड्या पाण्याची विहीर होती ती कोसभर लांब. माझ्या डोक्यावर पुन्हा हंडा चढला. पण गड्यामाणसांना रानात तहान लागली की ती वाकून पाटाचंच पाणी प्यायची, आणि पोरांना कोण किती अडवणार? त्या हंगामात वस्तीवर असं घर राहिलं नाही जिथं कुणी आजारी नव्हतं. पोटात कळा, उलट्या, जुलाब. पाटात उभं राहून वाफे भिजवणाऱ्यांच्या पोटऱ्यांना फोड आले, ते चिघळले. माशा इतक्या झाल्या की भाकरी झाकून खावी लागे. इंदापूरच्या दवाखान्यातला डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं औषध दिलं आणि सांगितलं, हे पाणी पिणं सोडा, नाहीतर माझं औषध फुकट जाईल.

वस्तीतले चार जण खांडसरीवर गेले, त्यांत माझा नवरा होता. त्यानं घरी येऊन सांगितलं ते असं. मालक खाटेवर बसून रस पीत होता. त्यानं यांचं सगळं ऐकून घेतलं. यांनाही रस पाजला. मग म्हणाला, "ओढा सरकारचा हाय. तुमच्या बापाचा न्हाय." एवढंच बोलून तो आत गेला. पुढं कचेरीत अर्ज केला. पाणी बघायला माणूस आला तो आषाढात. गाळप केव्हाच बंद झालेलं आणि ओढा पावसाच्या पाण्यानं धुऊन निघालेला. पाणी चांगलं आहे असं म्हणून तो गेला. त्याला दोष काय द्यायचा? त्यानं बघितलं तेव्हा ते चांगलंच होतं.

दुसऱ्या हंगामात माझी लेक चालायला लागली होती. मी वांगी तोडत असले की ती पाटात बसून हातानं पाणी थापटायची. मी तिला दहादा उचलून बांधावर ठेवायची. फाल्गुनात तिला जुलाब सुरू झाले. सकाळी हसत होती, दुपारी डोळे खोल गेले, ओठ सुकले. आम्ही गाडी जुंपून इंदापूरच्या रस्त्याला लागलो. मी तिच्या ओठांवर ओला बोळा फिरवत होते. हमरस्ता दिसायला लागला तेव्हा तिनं बोळा चोखायचा सोडला. नवरा बैलांना मारत होता. मी त्याला म्हटलं, आता नका मारू त्यांना.

लहान पोराला जाळत नाहीत. आमच्याच रानात, बांधाच्या कडेला तिला पुरलं. त्या हंगामात वस्तीवरचं आणखी एक पोर गेलं, आणि दोन म्हातारी माणसं. लेक गेल्याच्या चौथ्या दिवशी खांडसरीवरून एक माणूस नारळ आणि लुगडं घेऊन आला. मालकांनी पाठवलंय म्हणाला. आत्यांनी ते लुगडं काठीनं उचलून ओढ्यात टाकलं.

आत्या सुरुवातीला म्हणायच्या, नशीब. मी तसं कधी म्हटलं नाही. माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. एके दिवशी मेथी खुरपताना मी आत्यांना म्हटलं, ती वाट आपली हाय. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. त्यांना लगेच कळलं. त्या म्हणाल्या, आजच उखडू. मी म्हटलं, आज नाही. आज उखडली तर त्याला दुसरा उतार खणायला वेळ मिळेल. त्याचे गडी येऊ देत, कढया चढू देत, ऊस तुटू दे. गाड्या भरल्या की मग.

थांबणं सोपं नव्हतं. दसऱ्याला चुलत दीर सोनं द्यायला आला आणि यंदा ऊस कसा जोरात आहे ते सांगत बसला. मी त्याला चहा दिला. नवऱ्याला आम्ही अगदी शेवटी सांगितलं. तो घाबरला, म्हणाला आपण त्याच्याशी वैर करून जगणार कसं. आत्या त्याला म्हणाल्या, तुझी लेक होती ना रे ती. त्यानं फावडं उचललं.

पलीकडे तोड पडून ऊस गाड्यांत चढला, त्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी उताराला आडवा चर खणला. लपून नाही, दिवसाढवळ्या. मग मी ओढ्याचा पाट फोडला आणि ते पाणी उतारावर सोडलं. अलीकडच्या थोड्याशा उसावर गाळप आधीच सुरू झालं होतं, ते त्याचंच काळं पाणी. दुपारपर्यंत सगळ्या उताराचा गुडघाभर चिखल झाला. कडेच्या कोरड्या पट्टीवर मी वांग्याची रोपं लावली. पहिली गाडी आली, बैल चिखलाच्या तोंडाशी थांबले. गाडीवान म्हणाला, वाट कुठं गेली? मी म्हटलं, हितं वाट न्हाय, वांग्याचं रान हाय.

एकामागं एक गाड्या थांबत गेल्या. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, रस आटतो, वजन उतरतं. तिकडे भट्ट्या पेटवून गडी बसून राहिले. मालकानं दुसऱ्या दिवशी चार माणसं चर बुजवायला धाडली. आत्या जाऊन चरात बसल्या, चिखलात, पदर खोचून. माणसं फावडी घेऊन उभी राहिली. म्हातारीवर माती कोण टाकणार? ती परत गेली.

मग घरातलेच उठले. चुलत दीर येऊन म्हणाला, "वहिनी, माझ्या उसानं काय पाप केलंय?" त्याचा ऊस खरंच वाळत होता, आणि त्यानं माझं काही वाईट केलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, दुसरीकडं ने, वाट उघडणार नाही. त्यानं तो लांबच्या गुऱ्हाळांवर नेला, बराच तोट्यात गेला. पुढं कैक वर्षं तो आमच्या उंबऱ्याला शिवला नाही.

आठवड्याच्या आत मालक स्वतः आला. पांढरं धोतर, काळी टोपी, पायांत करकरीत वहाणा. वस्तीतले जाणते त्याच्यासोबत होते. आमच्या ओसरीवर घोंगडी टाकली, तिच्यावर तो बसला. मी चौकटीत उभी होते. तो नवऱ्याशी बोलायला लागला, पण नवरा आत्यांकडे बघत होता आणि आत्या माझ्याकडे. शेवटी त्यालाही माझ्याकडे बघावं लागलं.

तो म्हणाला, झालं ते झालं. यापुढं मळीचं पाणी ओढ्यात सोडणार नाही. खांडसरीमागं मोठा खड्डा खणतो, सगळी घाण त्यात. जाणत्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षं आम्ही नेमकं हेच मागत होतो. एक आबा मला म्हणाले, पोरी, देवानं त्याला बुद्धी दिली, आता ताणू नगंस.

मी म्हटलं, "एक खड्डा आमी आधीच खणलाय, मालक. बांधाच्या कडंला हाय. बघून या."

तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाबी नातू हाय. मला कळतं."

"मग त्याला आठ दिस हितं धाडा," मी म्हटलं. "माझ्या घरात ठेवते, माझ्या हातची भाकरी घालते. पाणी तेवढं या ओढ्याचं पाजते. नववे दिशी वाट मोकळी."

त्यानं वर बघितलं. रागावला असेल असं मला वाटलं होतं, पण तो भ्याला होता. त्याच्या तोंडावरचं ते भय मी डोळे भरून बघितलं. तो उठला, टोपी नीट केली आणि वहाणा घालून निघून गेला. वस्तीतली माणसंही उठली. आबा जाताना म्हणाले, हे बरं न्हाय केलंस. नवरा रात्री जेवला नाही.

लोक म्हणतात, खड्डा घेतला असता तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. झालं असतं. ओढा निवळला असता, गड्यांचं काम राहिलं असतं, दिराचा ऊस वाचला असता. पण त्या माणसाचं काहीच गेलं नसतं. त्यानं माती उकरली असती आणि रस पीत खाटेवर बसला असता. ते मला नको होतं.

त्यानं लांबचा उतार खणायला घेतला तोवर पलीकडच्यांनी ऊस दुसरीकडे फिरवला होता. कढया त्या हंगामात जवळजवळ कोरड्याच राहिल्या. पुढच्या वर्षी पलीकडच्या कुणी त्याच्या भरवशावर ऊस लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी खांडसरी बंद पडली. तिथले गडी भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे कामाला गेले, काही बारामतीला. जाताना त्यांच्या बायकांनी मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

ओढा हळूहळू निवळला. पाण्याचा रंग आधी गेला, वास नंतर. काठच्या विहिरीची चव मात्र बरीच वर्षं गेली नाही. माझ्या पुढच्या दोन्ही मुलांना मी कोसभर लांबच्या विहिरीच्या पाण्यावर वाढवलं. वस्ती म्हणायची, आता पाणी चांगलं झालंय. मी हंडा घेऊन चालायची.

खांडसरी मोडली तेव्हा आत्या म्हणाल्या, चल, बघून येऊ. सकाळीच निघालो. भिंती उभ्या होत्या, पत्रे उतरवून नेलेले. एक राखणदार होता, त्यानं आम्हाला ओळखलं आणि तोंड फिरवलं. अंगणात एक मोठी कढई पालथी पडली होती, न्यायची राहिलेली. आत्या तिच्यावर बसल्या, फडकं सोडलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला. अर्धी भाकरी मला दिली. आम्ही सावकाश खाल्लं.

"बरं वाटतंय का?" आत्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "व्हय."

"मलाबी," त्या म्हणाल्या, आणि हात झटकून उठल्या. दुपारी बाजाराची वांगी तोडायची होती.