आईच्या गोळीचा जॉइनिंग टाइम

घरात एखादं गुपित ठेवलं की त्याच्याभोवती किस्से आपोआप जमतात. आई डिप्रेशनची गोळी घेते, हे आमचं गुपित. त्यामुळे किस्से भरपूर!

गोळी सुरू होण्याआधी तीन महिने आई जवळजवळ गप्पच होती. बाबांचा ओला टॉवेल पलंगावर दिसला, तरी ती नुसती बघायची आणि कूस बदलायची.

*

बाबा फौजेत सुभेदार. गोळी सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर त्यांनी आईला विचारलं, "रिपोर्ट?" आई भिंतीकडे बघत राहिली.

औषध अंगात हळूहळू साठतं, फरक पडायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टर मॅडमनी फोनवर समजावलं.

"मतलब जॉइनिंग टाइम. नव्या पोस्टिंगवर रुजू व्हायला वेळ लागतोच," बाबा म्हणाले, आणि त्यांना एकदम पटलं.

*

शेजारच्या शिंदेकाकूंना आम्ही ती व्हिटॅमिनची गोळी असल्याचं सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "व्हिटॅमिन उष्ण पडतं. धन्याचं पाणी पी, सगळं लघवीवाटे निघून जाईल."

आई पाणी प्यायली आणि तिने गोळीही सोडली. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली, डोक्यात झटके बसायला लागले.

डॉक्टर मॅडम रागावल्या. "गोळी शरीरातून निघाली, पण मेंदूला कुणी कळवलंच नाही. मला विचारल्याशिवाय सोडायची नाही."

*

गोळी पुन्हा सुरू झाली. मी गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकते, म्हणून बाबांनी मला बोलावलं. मी सांगितलं की लिव्हर औषध मोडतं, आणि आईच्या गोळीतलं साधारण निम्मं एका दिवसात संपतं.

बाबांनी विचार केला. "रोज निम्मे जवान रिटायर. म्हणून रोज भरती."

त्या दिवसापासून फ्रिजवर गोळीचं हजेरीपत्रक लागलं.

*

आमच्या भागात कुणाला कळू नये म्हणून बाबा गोळी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, झोटवाड्याहून आणतात. एकदा मी सोबत होते. दुकानात शिंदेकाकू उभ्या!

"आमच्या हिचं व्हिटॅमिन," बाबा घाईने म्हणाले.

"माझंही," काकू म्हणाल्या.

भैयाने काउंटरवर दोन सारखीच पाकिटं ठेवली. धन्याच्या पाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

दोनेक महिने झाले असतील. रविवारी सकाळी आतल्या खोलीतून आवाज आला, "किती वेळा सांगायचं, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून? घर आहे की बराक?"

बाबा दाढी करत होते. हात तसाच थांबला.

सोमवारी आंघोळ झाल्यावर त्यांनी टॉवेल नीट पिळून दोरीवर वाळत घातला. दोन पावलं गेले. परत आले, टॉवेल काढला आणि आत जाऊन पलंगावर टाकला.